मडक्यातले मूठभर पीठ

शास्त्रपाठ : १ राजे, अध्याय १७



सारफथच्या विधवेची गोष्ट आपल्या मंडळ्यांत कोणाला ठाऊक नाही? संडे स्कूलच्या बालवर्गातच ती शिकवली जाते. एलीया, ओहोळ, कावळे, मग ती विधवा, तिचे पिठाचे मडके आणि तेलाची कुपी. धड्याच्या पुस्तकात किंवा फ्लॅनेल बोर्डावर आपण सर्वांनी ते मडके पाहिलेले असते, आणि बहुतेक चित्रकारांनी ते काठोकाठ भरलेले दाखवलेले असते. पीठ बाहेर सांडते आहे, कुपीतून तेल ओघळते आहे. चित्र मोठे छान दिसते. पण शास्त्रात तसे लिहिलेले नाही. मडके भरले असे त्या अध्यायात कोठेही म्हटलेले नाही. पीठ सरले नाही आणि तेल आटले नाही, एवढेच शास्त्र सांगते.

या दोहोंत किती अंतर आहे हे महिनाअखेरीस डब्याच्या तळाशी हात घालून ज्या माउलीने पीठ चाचपले आहे तिला सांगायला नको. भरलेल्या मडक्याकडे पाहून निश्चिंत झोपता येते. न सरणाऱ्या मडक्याकडे पाहून तसे झोपता येत नाही. कारण रोज रात्री त्यात दिसते ते मूठभरच. उद्याचे त्यात दिसत नाही. त्या बाईने आणि तिच्या मुलाने असे दिवसामागून दिवस काढले. रोज सकाळी उठून झाकण काढायचे, हात घालायचा आणि आजच्यापुरते आहे हे पाहायचे. देवाच्या संगोपनाविषयी आपण जेव्हा बोलतो तेव्हा मनात चित्रातले मडके असते. वाट्याला मात्र बहुधा शास्त्रातले मडके येते. मग आपण गोंधळतो, आणि कित्येकदा रुसतो.

या महिन्यात आपण हा अध्याय सावकाश वाचावा असे आम्हांला वाटते.

काळ अहाब राजाचा, म्हणजे ख्रिस्तपूर्व नवव्या शतकाचा. राजाने सीदोनी लोकांचा राजा एथबाल याची कन्या ईजबेल हिच्याशी विवाह केला आणि तिच्याबरोबर बआलाची पूजा इस्राएलात राजमान्य झाली. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शामरा येथे १९२९ पासून जे उत्खनन झाले त्यात मातीच्या पाट्यांवरचे लेख मिळाले. बआल हा पावसाचा आणि मेघगर्जनेचा देव मानला जात असे, हे त्यांवरून चांगलेच उघड झाले आहे. तेव्हा गिलादातून आलेला हा एलीया राजापुढे उभा राहून पाऊस पडणार नाही असे सांगतो, यात मोठा अर्थ आहे. ज्या गोष्टीसाठी लोक बआलाकडे धावत होते तीच गोष्ट परमेश्वराने आपल्या हाती ठेवली.

पण दुष्काळ पडतो तेव्हा तो माणसे निवडून पडत नाही. बआलाच्या पुजाऱ्याचे शेत करपते तसे परमेश्वराच्या भक्ताचेही करपते. खुद्द एलीयाही त्या दुष्काळातच राहिला. याकोबाच्या पत्रात (५:१७) त्याच्याविषयी सांगितले आहे की तो आपल्यासारख्याच स्वभावाचा मनुष्य होता. त्यालाही तहान लागत होती.

परमेश्वराने त्याला यार्देनेच्या पूर्वेस करीथ ओहोळापाशी पाठवले. तेथे कावळे सकाळ-संध्याकाळ भाकर आणि मांस आणीत. लेवीयच्या अकराव्या अध्यायात अशुद्ध पक्ष्यांची जी यादी आहे तीत कावळाही आहे. देवाने आपल्या सेवकाचे अन्न अशुद्ध पक्ष्याच्या चोचीतून पाठवले, हे एलीयाला पहिल्या दिवशी कसे वाटले असेल? मदत कोणाच्या हातून यावी याविषयी आपलीही काही मते असतात. ती देव विचारात घेतोच असे नाही.

मग सातव्या वचनात एक लहानसे वाक्य येते. काही दिवसांनी ओहोळ आटला, कारण देशात पाऊस पडला नव्हता. शिकवताना या वाक्यावरून आपण घाईने पुढे जातो, म्हणून येथे थोडे थांबू या.

ओहोळ एका दिवसात आटत नाही. आपल्याकडचे ओढे पाहा. माघात धार बारीक होते, फाल्गुनात ती तुटते, मग डबकी राहतात, मग ओली वाळू, आणि एक दिवस वाळूही कोरडी. एलीया हे सगळे पाहत होता. देवानेच सांगितले म्हणून तो तेथे आला होता. आज्ञाभंग करून आलेला नव्हता. तरी पाणी रोज वीतभर मागे सरकत होते. आणखी एक गोष्ट पाहावी. सारफथला जा ही आज्ञा आठव्या वचनात आहे, म्हणजे ओहोळ आटल्यावर. धार बारीक झाली तेव्हा ती आली नाही, डबकी राहिली तेव्हाही आली नाही. पाणी घटत होते त्या सर्व दिवसांत एलीयाजवळ पुढच्या मुक्कामाचा पत्ता नव्हता.

आपल्यापैकी किती घरांनी हा ओहोळ पाहिला आहे! इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा या शहरांत आपले वाडवडील गेले ते कोणी नोकरीसाठी, कोणी मिशनच्या कामासाठी, कोणी गिरणीच्या आधाराने. गिरणीचा भोंगा हेच कित्येक वस्त्यांचे घड्याळ होते. पुढे एकेक गिरणी थकली. इंदूरची हुकुमचंद मिल १९९० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत बंद पडली. सुमारे ४,८०० कामगारांचे देणे अडकले. खटला चालला, वर्षे गेली, आणि सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश दिला गेला तो २०२३ च्या डिसेंबरात, नेमका २५ तारखेला. मधे तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. ज्यांचे पैसे होते त्यांतले कित्येक तोवर हे जग सोडून गेले होते. अशा घरातल्या माणसाला चित्रातले भरलेले मडके दाखवून काय उपयोग? त्याने पाणी घटताना पाहिले आहे. त्याला एलीयाची ओळख करून द्यावी, ओहोळाच्या काठी बसलेल्या एलीयाची.

ओहोळ आटला म्हणजे देवाने हात आखडला असा अर्थ काढण्याची आपल्याला फार घाई असते. दुसऱ्याचा ओहोळ आटला तर आपण त्याच्या घरात कोणते पाप आहे ते शोधू लागतो. आपला आटला तर आपल्या प्रार्थनेत काय उणे पडले ते. शास्त्राने मात्र कारण साधे दिले आहे : पाऊस पडला नव्हता. एवढेच. एलीयाला दोष दिलेला नाही. ओहोळ हा देवाने वापरलेला मार्ग होता. तो मार्ग संपला, देणारा होता तेथेच होता.

आता सारफथ. हे गाव सीदोनच्या मुलखात, समुद्रकिनारी. आज लेबनॉनमध्ये सराफंद नावाचे गाव आहे ते हेच. म्हणजे एलीयाला देवाने धाडले ते ईजबेलच्या माहेरी, बआलाच्या अगदी घरात, आणि तेथेही दुष्काळ होताच. प्रभू येशूने नासरेथच्या सभास्थानात नेमकी हीच गोष्ट काढली (लूक ४:२५-२६). इस्राएलात पुष्कळ विधवा असताना एलीयाला पाठवले ते एका परकीय विधवेकडे, हे ऐकून गावचे लोक इतके खवळले की त्याला कड्यावरून लोटायला निघाले. देवाची काळजी आपल्या कुंपणापलीकडे चालते हे ऐकणे तेव्हा जड गेले, आजही जड जाते.

त्या विधवेला आज्ञा केली आहे असे देवाने एलीयाला सांगितले होते. पण तो वेशीपाशी पोहोचतो तेव्हा बाई दोन काटक्या वेचीत असते, आणि आपल्याला काही आज्ञा झाली आहे याची तिला जाणीव दिसत नाही. तिचा बेत वेगळाच होता. घरात मूठभर पीठ आणि थोडेसे तेल होते. त्याची शेवटची भाकर करायची, आपण आणि मुलाने खायची, मग मरणाची वाट पाहायची. ती हे रडून सांगत नाही. स्वयंपाकाचा बेत सांगावा तसे सांगते. दारिद्र्य फार दिवस मुरले म्हणजे माणसाच्या बोलण्याला असा सपाटपणा येतो. ज्यांनी खेडोपाडी मंडळीभेटी केल्या आहेत त्यांनी तो ऐकला असेल.

आणि अशा बाईला एलीया म्हणतो की आधी माझ्यासाठी एक लहान भाकर करून आण.

बंधुभगिनींनो, या वचनाचा जितका गैरवापर होतो तितका थोड्याच वचनांचा होत असेल. गरिबाच्या पुढे थैली धरून, तू आधी देवाच्या सेवकाला दे म्हणजे तुझे मडके भरेल, असे सांगणारे उपदेशक आज पुष्कळ झाले आहेत. सभांतून बोलतात, दूरचित्रवाणीवर बोलतात, आता मोबाइलवरही बोलतात. विधवेच्या शेवटच्या भाकरीवर त्यांची गाडी चालते. म्हणून हा भाग नीट वाचावा. एलीयाने भाकर नेली आणि तो निघून गेला असे झाले नाही. तो तिच्याच घरी राहिला. ज्या मडक्यातून तिने त्याला दिले त्याच मडक्यातून तिघेही रोज जेवले. मडके रिकामे झाले असते तर एलीयाही उपाशी राहिला असता. ज्याला तिला विश्वास ठेव म्हणून सांगायचे होते त्याने आपले ताट तिच्या ताटाशेजारी मांडले. ज्या उपदेशकाची याला तयारी नाही त्याने सारफथच्या विधवेचे नाव काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा नियम केवळ त्या उपदेशकांना लागू आहे असे मात्र कोणी समजू नये. उपासना संपल्यावर दाराशी उभे राहून आपण एखाद्या अडचणीतल्या भावाचा हात हातात घेतो, देव पाहून घेईल असे म्हणतो आणि घरी जाऊन जेवतो. याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात याच माणसाचे वर्णन केले आहे : उघड्याला ऊब घे आणि उपाश्याला तृप्त हो म्हणणारा, पण हाताने काही न देणारा. देव पाहून घेईल हे वाक्य खरे आहे. ते म्हणताना आपला हात खिशात असला पाहिजे.

आपल्याच मराठी मंडळीच्या इतिहासात हा अध्याय जणू पुन्हा घडल्यासारखा एका ठिकाणी दिसतो. पंडिता रमाबाईंविषयी आपण शाळेत धडे वाचले, त्यांच्या नावाने सभा भरवल्या. पण त्यांना दुष्काळ कसा माहीत होता ते पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत कुटुंबासह तीर्थे फिरत. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेकडे दुष्काळ पडला तेव्हा या कुटुंबाजवळ होते नव्हते ते सर्व संपले. कित्येक दिवस त्यांनी पाण्यावर आणि झाडपाल्यावर काढले. वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. रमाबाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या. उरलेल्या भावाबरोबर पायी चालत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. पुढे तो भाऊही गेला, आणि लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तोच १८८२ मध्ये पतीही पटकीने गेले. सारफथची विधवा काटक्या वेचीत होती तेव्हाचा सपाट आवाज या बाईंना ऐकून माहीत होता असे नव्हे. तो त्यांच्या अंगावरून गेलेला होता.

म्हणूनच १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून भुकेल्या मुलींच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा त्या पुण्यात बसून राहिल्या नाहीत. स्वतः गेल्या आणि मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या शेतजमिनीवर मुक्तिसदन उभे राहिले. त्यानंतर तीन वर्षांतच गुजरातेत तो भयंकर दुष्काळ पडला. तो संवत १९५६ चा, म्हणून तिकडे अजूनही छप्पनियो या नावाने ओळखला जातो. वडोदऱ्याच्या वाचकांनी हे नाव वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. गुजरातेतूनही शेकडो मुली केडगावला आल्या. १९०० साली तेथे सुमारे एकोणीसशे माणसे होती, आणि शंभरावर गुरेढोरे.

आणि पाणी? पाऊस तेथेही पडलेला नव्हता. रमाबाईंनी आपल्या साक्षीत हे लिहून ठेवले आहे. विहिरींतले पाणी दिवसभर उपसले जाई, आणि संध्याकाळी बघावे तर संपलेले. आता विहिरी कोरड्या पडणार असे सर्व जण म्हणत. सकाळी पुन्हा त्या दिवसापुरते पाणी झिरपून आलेले असे. एकोणीसशे माणसांच्या पिण्याला, स्वयंपाकाला, गुरांना आणि चाललेल्या बांधकामालाही ते पुरले. विहीर तुडुंब भरली असे त्या म्हणत नाहीत. रोजचे रोज मिळाले असे म्हणतात.

येथे कोणी म्हणेल, की झरा जिवंत होता म्हणून रात्रीतून पाणी आले, यात नवल ते काय? आम्ही त्याच्याशी वाद घालणार नाही. झरा जिवंत होता हे खरेच. कावळ्यांनाही पंख होतेच. रमाबाईंनी विहिरी खणवल्या होत्या, पोहरे-दोर ठेवले होते, शेती केली होती, धान्याचा हिशेब ठेवला होता. देवावर भरवसा म्हणजे कुदळ न उचलणे असे त्यांनी कधी मानले नाही. सारफथच्या विधवेलाही पीठ मळावे लागले, काटक्या आणाव्या लागल्या, चूल पेटवावी लागली. भाजलेली भाकर मडक्यातून निघाली नाही.

आता शिक्षकांसाठी थोडे. पुष्कळ ठिकाणी ही गोष्ट सोळाव्या वचनापाशी संपवली जाते. पीठ सरले नाही, तेल आटले नाही, मुलांनो, टाळ्या वाजवा. पण अध्याय तेथे संपत नाही. त्यानंतर त्या विधवेचा मुलगा आजारी पडतो आणि त्याचा श्वास थांबतो. ज्या घरात रोज चमत्कार चालू होता त्याच घरात. रोजची भाकर मिळाली आणि मूल गेले. ती आई संतापून एलीयाला विचारते, की माझ्या पापाची आठवण करून देऊन माझ्या मुलाला मारायला का तू माझ्याकडे आलास?

हा भाग मुलांना सांगावा का, असे शिक्षक विचारतात. आम्ही म्हणू की सांगावाच. तुमच्या वर्गात अशी मुले आहेत ज्यांच्या घरातून २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत कोणी ना कोणी गेले. कोणाचे वडील, कोणाची आजी. पुष्कळांना दफनविधीला जाता आले नाही. त्या मुलांनी प्रार्थना केली नव्हती असे नाही. त्यांना सोळाव्या वचनापाशी थांबवले तर ती मनात म्हणतील, की हे पुस्तक आमच्या घराविषयी बोलत नाही.

एलीयाने त्या आईला काय उत्तर दिले पाहा. उत्तर दिलेच नाही. तुझे पाप नव्हते असेही म्हटले नाही, होते असेही नाही. मूल माझ्याकडे दे, एवढेच तो म्हणतो. तिच्या उराशी धरलेले ते निर्जीव मूल तो आपल्या हातांत घेतो, आपण राहत होता त्या माडीवर नेतो आणि आपल्याच बिछान्यावर ठेवतो. आणि मग तो देवाला तोच प्रश्न विचारतो जो आईने त्याला विचारला होता : ज्या विधवेच्या घरी मी उतरलो तिच्यावरही हे अरिष्ट आणलेस का? संदेष्टा देवाशी असा बोलला म्हणून शास्त्राने त्याला दटावलेले नाही. खाली त्या बाईपुढे तो शांत राहिला आणि वर देवापुढे त्याने मन मोकळे केले. आपल्यापैकी पुष्कळ जण याच्या उलट करतात. देवापुढे ठरावीक गोड शब्द, आणि शोकात बसलेल्या माणसापुढे लांबलचक खुलासे. शोक असलेल्या घरी जाताना खुलासा दारातच ठेवावा. ओझे हातात घ्यावे.

त्या विधवेचा मुलगा जिवंत झाला. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा, जी त्यांचा उजवा हात होती, जिच्यावर मुक्तिसदनाचे सगळे काम सोपवायचे त्यांनी योजले होते, ती १९२१ च्या जुलैत वारली. ती परत आली नाही. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही गेल्या. मधल्या काळात त्यांनी काय केले? मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून चाललेले मराठी बायबलचे आपले काम त्या करीत राहिल्या. साध्या खेड्यातल्या बाईला समजेल अशा मराठीत शास्त्र असावे, ही त्यांची तळमळ होती.

एका आईला मूल परत मिळाले आणि एकीला मिळाले नाही. हे दोन्ही आम्ही एकाच मंचावरून सांगतो आणि याचे गणित आम्हांला मांडता येत नाही. आम्ही एवढेच पाहतो की ज्या देवाने लाजारसाला हाक मारली त्याच देवाने आपल्या एकुलत्या एका पुत्राला वधस्तंभावरून खाली उतरवले नाही, तिसऱ्या दिवसाची पहाट होईपर्यंत. त्या शुक्रवारी आणि शनिवारी जे शिष्य दारे लावून बसले होते त्यांच्याजवळही पुढच्या मुक्कामाचा पत्ता नव्हता.

२०२० चे पुनरुत्थान-पर्व आठवते ना? तो १२ एप्रिलचा रविवार होता आणि आपल्या सर्व मंदिरांना कुलपे होती. आमच्या माहितीच्या एका लहान मंडळीत त्या दिवसांत एक गोष्ट घडली. कोणी ठराव केला नाही, समिती नेमली नाही. एका निवृत्त परिचारिका बाईंनी मंडळीची हजेरीवही काढली आणि रोज दहा घरांना फोन करायला सुरुवात केली. विचारायच्या एकच : आज चूल पेटली का? पेटली नसेल तर शेजारच्या गल्लीतल्या ज्याची पेटली आहे त्याला सांगायच्या. धान्याचे कोठार त्यांच्याजवळ नव्हते. त्यांचे स्वतःचे निवृत्तिवेतन बेताचेच. पण कोणाकडे काय आहे आणि कोणाकडे काय नाही हे त्यांना ठाऊक झाले आणि त्या दोहोंची गाठ घालून देत राहिल्या. शिंप्याच्या घरी तांदूळ होते पण औषध नव्हते. पलीकडच्या शिक्षकाच्या घरी औषध आणायला दुचाकी होती. अशा रीतीने ती मंडळी ते महिने निभावली. सर्वच वाचले असे नाही. तिघे गेले. पण उपाशी कोणी राहिले नाही, आणि गेलेल्यांच्या घरी चूल पेटवायला शेजारी होते.

आपल्या मंडळ्या लहान आहेत. मराठी उपासनेला कोठे चाळीस, कोठे पंधरा माणसे येतात. तरुण पोरे दूरच्या शहरांत आणि परदेशांत गेली. आपले मडके रिकामे आहे, आता आपण कोणाला काय देणार, असे पंचांच्या सभेत ऐकू येते. सारफथच्या विधवेजवळ काय होते ते पुन्हा वाचावे. देवाने एलीयाला पोसण्यासाठी सीदोनचा एखादा व्यापारी निवडला नाही. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर मागितली आहे ती आजची, आणि ती मागणी माझी म्हणून केलेली नाही, आमची म्हणून केली आहे. ज्या घरी आज ती भाकर पोहोचली नाही तेथे त्या प्रार्थनेतले आमची हे कोणाच्या तोंडी होते, हे आपण विचारायला नको का?

स्वयंपाक करताना रोज मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचे आणि रविवारी मंदिरात आणायचे, अशी रीत आपल्या काही मंडळ्यांत भगिनींनी चालवली होती. ती जेथे बंद पडली असेल तेथे ती पुन्हा सुरू करता येईल का, याचा भगिनी मंडळांनी विचार करावा. पैशाची पेटी आहेच; पण मूठ काढताना रोज कोणाची तरी आठवण होते.

शेवटी एक प्रश्न, मोठ्या वर्गाच्या शिक्षकांनी मुलांना घालण्याजोगा. चौदाव्या वचनात पीठ न सरण्याला मुदत घातलेली आहे : परमेश्वर पाऊस पाडील त्या दिवसापर्यंत. पुढे अठराव्या अध्यायात समुद्रावर हाताएवढा ढग दिसतो आणि मोठा पाऊस पडतो. सारफथलाही पडला असेल. मग मडक्याची मुदत संपली. पण पाऊस पडला म्हणजे त्याच दिवशी घरात पीठ येत नाही, हे आपल्या मुलांना शेतकऱ्याच्या पोटी जन्म न घेताही कळते. नांगरणी, पेरणी, निंदणी, कापणी, मळणी, मग दळण. यात कित्येक महिने जातात. एलीया तर तोवर निघून गेला होता. त्या महिन्यांत ती बाई आणि तिचा मुलगा काय खात होते?

आम्ही हा प्रश्न एका वर्गाला घातला तेव्हा मुले बराच वेळ भांडली. एक म्हणाला, देवाने मुदत वाढवून दिली असेल. दुसरा म्हणाला, तिने एव्हाना बाजारातून उधार आणले असेल, कारण आता पाऊस पडला म्हणून वाणी उधार देईल. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, पीठ सरत नव्हते तेव्हा ती शेजारणींना देत असेल ना रोज थोडे थोडे. त्यांनी आता परत आणून दिले असेल.